कमुरत्याआधीचा कुंभ

आमचं घर विकायला काढलं तेव्हा बिपिन दलाल छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "मधुबेन, तुम्ही फक्त सामान बांधा." सामान बांधून दोन महिने झाले. चार वाट्या, पाण्याचा माठ आणि चहाचं पातेलं तेवढं बाहेर होतं.

नडियादच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी एकोणतीस वर्षं काढली. कोण थाप मारतंय ते मला त्याच्या 'हॅलो'वरूनच कळतं. बिपिनचं 'हॅलो' पहिल्या दिवसापासून खोटं होतं. पण गावात दुसरा धड दलाल म्हणजे त्याचाच मेहुणा.

घर विकण्याचं कारण सरळ होतं. होळीच्या आसपास माझ्या यजमानांना, छबीलभाईंना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं एकेका शब्दावर आलं. आमचं न्हाणीघर परसात, तीन उंच पायऱ्या उतरून. दिवसातून चारदा त्यांना धरून खाली न्यायचं आणि वर आणायचं. आणंदला माझ्या धाकट्या बहिणीच्या शेजारी तळमजल्यावरचा फ्लॅट मिळत होता, एकही पायरी नसलेला. त्याचा मालक डिसेंबरअखेरपर्यंत थांबणार होता, पुढे एक दिवसही नाही.

दसऱ्याला सौदा ठरला. घेणारा निमेष, शाळेत गणित शिकवतो. बोलणी पक्की झाल्यावर आमच्यात गूळ-धणे खातात, तसे सगळ्यांनी खाल्ले. नंतर मात्र बिपिननं दोन्ही घरांची गाठ पडू दिली नाही. दलालांची रीतच ती. एकाचा फोन नंबर दुसऱ्याला मिळाला की यांची दलाली धोक्यात. मी विचारलं की म्हणायचा, दिवाळी होऊ दे. मग लाभपाचम होऊ दे. मग देवदिवाळी. मग निमेषचं कर्ज अडलं. आणि चौदा डिसेंबरला म्हणाला, "सोळापासून कमुरता लागतो, मधुबेन. महिनाभर शुभ काम कोण करतं? आता उत्तरायणानंतर बघू."

उत्तरायणापर्यंत फ्लॅट हातचा गेला असता, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्या दिवशी मी चहात दोनदा साखर घातली, इतकं डोकं फिरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी रिक्षा थांबली. निमेषची आई दिवाळीबा उतरल्या. हातात पाण्यानं भरलेला तांब्याचा घडा, त्यावर नारळ. मागे निमेष, ओशाळलेला.

"बिपिनभाई म्हणाले उद्यापासून कमुरता," दिवाळीबा म्हणाल्या. "म्हटलं, कुंभ आजच ठेवून टाकू. कागद यायचा तेव्हा येवो."

नव्या घरात आधी भरलेला कुंभ जातो, मग बाकीचं सामान. पण मी अजून त्या घरात राहत होते. माझ्या माठाशेजारी दुसऱ्या बाईचं पाणी, तेही न विचारता! मला खरोखर राग आला. आणि मग एकदम हसू फुटलं. बिपिननं कमुरत्याची सबब पुढे केली खरी, पण कमुरता म्हटल्यावर घरातल्या म्हाताऱ्या आदल्या दिवशीच धावाधाव करतात, हे त्या शहाण्याच्या लक्षात आलं नाही.

मी त्यांना बसवलं, चहा टाकला. कर्जाचं काय झालं, असं निमेषला विचारलं. तो गोंधळला. कर्ज म्हणे दिवाळीआधीच मंजूर झालं होतं.

"मग अडलं कशात?"

निमेषनं खिडकीपाशी बसलेल्या छबीलभाईंकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बिपिनभाई म्हणाले, घर काकांच्या नावावर, आणि काकांचं डोकं ठिकाणावर नाही. त्यांनी सही केली तरी उद्या कोर्टात टिकणार नाही."

छबीलभाईंनी हातातलं वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं. त्यांना सगळं ऐकू येतं.

मी तिथूनच बिपिनला फोन लावला आणि दिवाळीबा कुंभ घेऊन आल्याचं सांगितलं. मग सारवासारव सुरू झाली. आमचा कोपऱ्याचा प्लॉट एका बिल्डरला हवा होता, बिपिनला त्यात दुप्पट दलाली मिळणार होती, माझाही फायदाच होता.

"मी गूळ-धणे खाल्लेत, बिपिनभाई," मी म्हटलं. "तुझ्या बिल्डरसाठी आता ते ओकू का?"

कमुरत्यात दस्त चालेल का, असं मी दिवाळीबांना विचारलं. त्या म्हणाल्या, "कुंभ आज बसला म्हणजे शुभ काम आज झालं, बेन. कचेरीतला कागद कधी का होईना." मी माझा माठ उचलून बाजूला ठेवला आणि त्यांना जागा करून दिली.

पुढच्या गुरुवारी आम्ही सगळे दस्त नोंदवायला गेलो. बिपिनही होता. दलाली मिळेल, पण तोंड बंद ठेवायचं, असं मी त्याला बजावलं होतं. नोंदणी अधिकारी तरुण मुलगी होती. छबीलभाईंचं वाकडं झालेलं तोंड बघून तिनं कागद बाजूला ठेवले.

"काका, घर स्वतःच्या मर्जीनं विकताय ना?"

मी उत्तर द्यायला पुढे झाले. तिनं हात वर केला. "बेन, तुम्ही नाही. त्यांना सांगू द्या."

छबीलभाई म्हणाले, "मर्जी... हिची."

तिनं पेनाला टोपण लावलं. "मग दस्त होणार नाही."

दिवाळीबांनी पदर तोंडाशी धरला. आणंदचा फ्लॅट गेलाच, असं मला वाटलं.

छबीलभाईंनी डावा हात टेबलावर ठेवला. बोलणं अजून संपलं नव्हतं.

"रोज... पायऱ्या. चारदा. ही थकली. सांगत... नाही." त्यांनी श्वास घेतला आणि मग न अडखळता म्हणाले, "म्हणून मी विकतो."

अधिकारी मुलीनं टोपण काढलं. त्यांचा डावा अंगठा घेतला.

बहिणीला, बिपिनला, दिवाळीबांना, सगळ्यांना मी हेच सांगत आले होते की घर मी त्यांच्यासाठी विकते आहे. आता पत्नीच्या संमतीसाठी कागद माझ्यापुढे सरकवला गेला. सही कुठे करायची, ती ओळ मला बराच वेळ दिसेना.