इंचाला बारा टाके

आईच्या शिवणाच्या दुकानात, आरशाशेजारच्या खिळ्यावर, एक लहानसा कोट पंधरा वर्षं टांगलेला होता. मुलीने चौदाव्या वर्षी स्वतःसाठी शिवलेला पहिला कोट. डावी बाही उजवीकडे, उजवी डावीकडे. नवं गिऱ्हाईक आलं की माप घेता घेता आई तिकडे मान वळवून म्हणायची, "आमच्या कन्यारत्नाची कलाकुसर." गिऱ्हाईक हसायचं. मुलगी खाली मान घालून काजं करत राहायची.

इंचाला बारा टाके, हा आईचा नियम. रोज संध्याकाळी ती पट्टी लावून मुलीची शिवण मोजायची. अकरा भरले की टाके काढायची उसवणी पुढे सरकवायची. "उसव. पहिल्यापासून घाल." हात मात्र तिने कधी उगारला नाही. त्यापेक्षा दोन फटके परवडले असते, असं मुलीला वाटे.

सव्विसाव्या वर्षी मुलीने दोन गल्ल्या पलीकडे स्वतःचं मशीन मांडलं. निघताना तिने फक्त तो कोट मागितला. बारा टाके घालायला शीक आणि ने, असं आईने सुनावलं.

तीन वर्षांनी एका शाळेचे मुख्याध्यापक मुलीकडे एक नवा काळा कोट घेऊन आले. तो आईने शिवलेला होता. घातला की हात आपोआप पाठीमागे जातात, पोरांना वाटतं मी छडी लपवलीय, अशी त्यांची तक्रार होती. मुलीने कोट उलटा केला. बाह्यांची अदलाबदल झाली होती. काळ्या कापडावर काळा दोरा. म्हणजे आईला दिसत नव्हतं, आणि ते ती कोणाला कळूही देत नव्हती.

मुलीने बाह्या सोडवून नीट बसवल्या. बसवण्याआधी मशीनवर टाका थोडा लांब करून घेतला. अस्तर मुद्दाम उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी, आईकडे सकाळची गर्दी असताना, ती कोट घेऊन गेली.

"मुख्याध्यापकांचा कोट. बाह्या उलट्या लागल्या होत्या."

माप द्यायला आलेल्या बायकांनी माना वळवल्या.

"कारागिराने लावल्या असतील," आई म्हणाली.

"तुझ्याकडे कारागीर टिकलाय कधी?"

एक बाई खुदकन हसली.

"मी नीट बसवल्यात," मुलगी म्हणाली. "आता मोज. बारा भरले तर माझा कोट नेते."

आईने पट्टी लावली. कापड डोळ्यांजवळ नेलं, उजेडाकडे धरलं, बोट फिरवलं, तरी आकडा लागेना. पण मुलीचा हात तिनेच घडवला होता. या पोरीने जाणूनबुजून टाके कमी घातले असतील, हे तिच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

"बारा," ती म्हणाली.

"अकरा आहेत, आई."

शेजारच्या बाईने वाकून मोजले, अकराच भरले, आणि ती मागे सरली.

मुलीने खिळ्यावरचा कोट काढून काखेत धरला. "तू सगळ्यांसमोर बारा म्हणालीस, तेव्हा हा माझा." मग तिने उसवणी आईपुढे सरकवली. "उसव. पहिल्यापासून घाल. संध्याकाळी माझ्या दुकानात आणून दे. मी मोजेन."

आईने उसवणी उचलली. तिची बोटं काळ्या कापडावर शिवण चाचपत राहिली. मुलगी दारात थांबली आणि मन भरेपर्यंत बघत राहिली. त्याला बराच वेळ लागला.