एकाच संताचे दोन दिवस

श्कोदर सरोवराचा आमचा काठ माँटेनेग्रोचा, समोरचा अल्बानियाचा. कार्प माशाला हे अजून कोणी कळवलेलं नाही.

मासे अंडी घालतात तेव्हा चाळीस दिवस मासेमारी बंद ठेवायची, असं दोन्ही देशांच्या संयुक्त समितीने ठरवलं. सहा बैठका तारखेवरून मोडल्या. सातवीत कोणीतरी म्हणालं, मच्छीमारांना तारखा नाही, सण कळतात. बंदी सेंट जॉर्जच्या सणापासून धरा. टाळ्या पडल्या. मी समितीचा कारकून. इतिवृत्त मीच लिहिलं.

सेंट जॉर्जचा सण पलीकडच्या कॅथलिक गावांत तेवीस एप्रिलला असतो, आमच्या ऑर्थोडॉक्स घरांत सहा मेला. हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. समितीत पोरं नव्हती.

त्यामुळे एप्रिलअखेर पलीकडचा पाश्क जाळं गुंडाळून काठावर बसायचा आणि आमचा क्र्स्तो त्याच्या डोळ्यांदेखत अंड्यांनी भरलेल्या माद्या ओढायचा. जूनमध्ये अदलाबदल. बंदीच्या तिसऱ्या एप्रिलात क्र्स्तोच्या जाळ्यात तळहाताएवढेच मासे आले. डिसेंबरात त्याच्या घरी सेंट निकोलसचा कुळाचार असतो, आणि ताटात अख्खा मोठा कार्प नसेल तर पाहुण्यांना तोंड दाखवायची सोय नाही. तो तडक माझ्या कचेरीत आला.

"लुका, तारीख लिही. कुठलीही. पण एकच."

"दुरुस्तीला दोन्हीकडचे वीस सदस्य बसावे लागतात."

"मग बसव. बसण्याशिवाय ते दुसरं करतात काय?"

"निवडणुका आहेत रे. पुढच्या वर्षी बघू."

"आणि पाहुण्यांना काय, तुझं इतिवृत्त वाढू? लिंबू पिळून?"

त्याने मला होडीत घातलं आणि थेट पाश्कच्या काठाला नेलं.

"तुझा संत उशिरा उठतो, त्याला मी काय करू?" पाश्क जाळ्यावरून मान वर न करता म्हणाला.

"तुझा लवकर झोपतो, त्याचं काय? जूनमध्ये कोण ओढतं?"

"तू आत्ता ओढतोयस त्याचं आधी बोल."

तासभर हेच चाललं. मग दोघे थकले आणि ठरलं: पाश्कच्या सणाला दोन्ही गावांनी जाळी पाण्याबाहेर काढायची, आमचे चाळीस दिवस संपले की दोघांनी मिळून टाकायची. एकूण त्रेपन्न दिवस. कागद केला नाही.

तीन वर्षांनी क्र्स्तोच्या ताटात सहा किलोचा कार्प होता, आणि पाहुण्यांत पाश्क. त्याच दिवशी दोन्ही गावांना समितीचं पत्र आलं: करारात चाळीस दिवस असताना त्रेपन्न दिवस मासेमारी का बंद ठेवली, याचा खुलासा करावा.

"लिही बाबा काहीतरी," क्र्स्तो शेपटीचा तुकडा माझ्या ताटात वाढत म्हणाला.

खुलासा मी लिहिला. पत्रही मीच लिहिलं होतं.