नळ्यांची कल्हई

दापोड्याच्या गोदामात, कापडाच्या गठ्ठ्यांमागे, मुंबईच्या एका जुन्या सभागृहातला ऑर्गन लाकडी पेट्यांत पडून होता. नाटकात पायानं भाता मारून वाजवतात तसला नव्हे. भिंतीएवढा, शेकडो नळ्यांतून वारा खेळवून वाजणारा. जुनं सभागृह पाडलं, नवं होईस्तोवर वाद्य सांभाळायला केसरीनाथला ठेवलं. त्यानं ते जिवापाड जपलं. वाळवीला रॉकेल, उंदरांना सापळे, पावसाळ्यात पेट्यांखाली विटा. ऑर्गन जुळवणारे म्हातारे साहेब बजावून गेले होते, "वाकलेली नळीसुद्धा टाकायची नाही. सरळ करता येते."

नारपोलीच्या खोलीत त्याच्या बायकोला, कमळाला, वेगळाच घोर होता. दीड वर्षाचा राघो पोट धरून रडायचा. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, गुण आला नाही. चेहरा पांढुरका पडलेला. दुडदुडणारं पोर आता मांडीवरून उतरेना. कमळा त्याचं पाणी उकळी, नखं कापी, झोपला की नाकाशी बोट धरून श्वास बघे.

त्या दिवशी जुनं लुगडं काढायला ती खाटेखाली वाकली, तर ट्रंकेमागे चेपलेली करडी नळी.

"अहो, हे काय?"

"कथील," केसरीनाथ हसला. "कल्हईवाल्या हारूनला बाजारात कथीलच मिळेना. गल्लीतली भांडी हिरवी पडायला लागली व्हती. साहेबच म्हणाले, नळ्या कथलाच्या हायत. वाकलेल्या व्हत्या, दिल्या चार-दोन. ही राहिली. तुझं पातेलं बघ, आरसा हाय आरसा!"

कमळानं नळीचं टोक रद्दीच्या कागदावर ओढलं. पेन्सिलीसारखी काळी रेघ उमटली. बी.एस्सी.ला असताना प्रयोगशाळेत अशी रेघ तिनं पाहिली होती.

"निव्वळ कथील असं उमटत नाही. यात शिसं आहे, अहो. विष आहे हे." तिची नजर चुलीशेजारच्या पातेल्याकडे गेली. "मी रोज त्यातच ताक करते. आंबटानं तर जास्तच सुटतं. रोज भरवते त्याला..."

केसरीनाथनं नळी तिच्या हातातून काढून घेतली. म्हणाला, "आपली भांडी टाकू. पण बोलू नको कुठं. साहेब पुढल्या महिन्यात पेट्या उघडणार. एका नळीत एकच सूर असतो, कमळे. नळी न्हाय त्या सुराला वाद्य मुकंच राहणार. मी वितळवल्या म्हणून कसं सांगू?"

"आणि शेजारच्या ठकुबाईंची नात? त्यांच्या भांड्यांनाही तीच कल्हई आहे."

"ती धडधाकट हाय."

"आपला राघोपण होता."

ती राघोला काखेला मारून शेजारी गेली. ठकुबाई नातीला कोकमाचं सार भरवत होती. पातेलं लखलखत होतं.

"मावशी, ते देऊ नका तिला. कल्हईत शिसं आहे."

"आगं बाय! शिकलेल्या बायांना भांड्यातबी रोग दिसतो. हारूनचा हात काय आज बघतो आम्ही?"

"हारूनचा दोष नाही. कथील आमच्या ह्यांनी दिलं. गोदामातल्या वाद्याच्या नळ्या वितळवून."

ठकुबाईचा चमचा हवेतच राहिला. "म्हंजी साहेबांचा माल? आन् तो आमच्या पोटात घातला?"

"त्यांना माहीत नव्हतं, मावशी."

"तुला म्हाईत व्हतं का?"

"आत्ता कळलं."

ठकुबाईनं सार मोरीत ओतलं, नातीचं तोंड पदरानं पुसलं, पुन्हा पुसलं. मग दारात जाऊन ओरडली, "रंगे! बायजे! कल्हईची भांडी बाहेर काढा गं!"

दारं उघडली. भांड्यांचा खणखणाट झाला. कुणी हारूनचं नाव घेतलं, कुणी केसरीनाथचं. तो नळी टॉवेलात गुंडाळून, मान खाली घालून सायकलवर बसला आणि दापोड्याकडे निघाला. कुणी अडवलं नाही, कुणी हाकही मारली नाही.

कमळानं शेजारणीकडून मातीचं मडकं आणलं, दूध तापवलं. राघोनं एक घोट घेतला आणि पाय पोटाशी ओढून पुन्हा रडायला लागला. त्याच्या अंगात गेलेलं आता कशानं निघतं, ते तिच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.