नळीच्या तळाशी

लग्नाला सदतीस वर्षं झाली, पण आमच्या घराचं कुलूप एका फटक्यात लागलेलं मी कधी पाहिलं नाही. ह्यांनी ते लावायचं, ओढून बघायचं, जिना उतरायचा आणि पहिल्या मजल्यावरून पुन्हा वर यायचं. गॅसचं बटण तीनदा, नळ दोनदा. भाच्याच्या लग्नाला निघालो होतो तर पेणकरपाड्याच्या नाक्यावरून रिक्षा मागे फिरवली, का तर इस्त्री बंद केली की नाही ते आठवेना. इस्त्री त्या दिवशी कोणी कपाटातून काढलीच नव्हती. समोरच्या हंसाबेन दार किलकिलं करून विचारतात, "भाई पाछा आव्या?" मी नुसती मान हलवते.

बाकी माणूस सोन्यासारखा. पंढरीनाथ फिटर म्हटलं की भाईंदरच्या त्या स्टीलच्या कारखान्यात अजून लोक नाव काढतात. तीस वर्षांत ह्यांचा एक जॉब परत आला नाही. येणार कसा, चार-चारदा मोजून पाठवायचे.

हा चाळा कुठून लागला ते मला लग्नानंतर सासूबाईंनी सांगितलं. रत्नागिरीकडच्या आमच्या गावी मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, ठासणीची बंदूक होती. महिपत शिकारी म्हणून पंचक्रोशीत नाव. बंदूक भरायचं काम ह्यांचं, तेव्हा वय बारा. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, तिच्यावर काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छरे, मग पुन्हा काथ्या. मामंजींनीच शिकवलं होतं आणि ह्यांना त्याचा कोण अभिमान.

आश्विनात भात पिकलं तेव्हा तिन्हीसांजेला रानडुक्कर शेतात शिरलं. मामंजींनी नेम धरला, घोडा पडला आणि नुसतं फट् झालं. डुकराने त्यांची मांडी फाडली. पाय वाचला, पण गुडघ्यात कायमचा आखडला. गावाने दुसऱ्या दिवशी निकाल देऊन टाकला, की पोरगं दारू घालायला विसरलं, नुसते छरे ठासून बसलं. मामंजींनी तो निकाल कधी खोडला नाही. ह्यांना तर काही आठवतच नव्हतं. दारू घातली होती का, एवढा एकच प्रश्न हा माणूस पन्नास वर्षं चघळत होता, आणि उत्तर सापडत नाही म्हणून कुलपं ओढून बघत होता.

ती बंदूक त्या संध्याकाळी शेजारच्या विठूने शेतातून उचलून आपल्या घरी नेली. सासूबाईंनी ती पुन्हा उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही, म्हणून पुढे परवानाही विठूच्याच नावावर झाला. त्याची बायको म्हणाली, असली अवलक्षणी वस्तू वाजवायची नाही. तेव्हापासून ती भिंतीवर टांगलेली. निवडणूक आली की विठूने ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की आणून पुन्हा खुंटीला लावायची. एवढाच काय तो तिचा प्रवास.

विठू गेला तेव्हा त्याच्या मुलाचा, स्वप्नीलचा फोन आला. "काका, बंदूक तुम्हाला हवीय का? नाहीतर सरकारजमा करतोय." हे एका दमात हो म्हणाले. दुकानात भेंडी घेताना चारदा विचार करणारा माणूस. पुढे दीड वर्ष ह्यांनी ठाणं आणि कचेरी एक केली. सातबारा, दाखले, फोटो, पुन्हा दाखले. शेवटी परवाना हातात पडला आणि चादरीत गुंडाळलेली बंदूक आमच्या तिसऱ्या मजल्यावर आली.

खाली वॉचमनने हटकलंच. "अंकल, परदे का रॉड है क्या?" ह्यांनी त्याला सगळे कागद काढून दाखवले. बिचारा पुढे आठवडाभर ह्यांना सलाम ठोकत होता.

मामंजी आता एक्याण्णव वर्षांचे. आमच्याकडेच असतात, हॉलमध्ये त्यांची खाट आहे. कानाने गेलेत, डोकं शाबूत आहे. चादर सोडली तेव्हा त्यांनी बंदुकीकडे एकदाच पाहिलं आणि भिंतीकडे वळून झोपले. मला वाटलं, पाय आठवला असेल.

गॅलरीत ह्यांचा कारखाना सुरू झाला. बंदुकीची दशा बघवत नव्हती. दस्त्याला वाळवी लागून गेलेली, नळीवर गंजाचे पापुद्रे, घोडा जागच्या जागी धरलेला. केप, म्हणजे ठिणगी देणारी टिकली, बसते तिथे जुन्या केपेचा जळका पत्रा अजून चिकटून होता. म्हणजे त्या दिवशी केप उडाली होती, पण बार उडाला नव्हता. घोडा सुटा झाला, तेल पाजलं, गंज उतरायला लागला. चार दिवस हे इतके खूश, की मी म्हटलं, पेन्शनीत निघालेल्या प्रत्येक पुरुषाला सरकारने एकेक बंदूक द्यावी.

पाचव्या दिवशी ह्यांनी एक लांब काठी नळीत घातली. बाहेर काढून ती नळीच्या बाजूला धरली, पुन्हा आत घातली, पुन्हा बाहेर धरली. मला आधी वाटलं, नेहमीचाच चाळा. मग ह्यांचा चेहरा पाहिला.

"काठी तळाला जात नाहीये, सुलू," हे म्हणाले. "आठ बोटं वर अडतेय."

"मग? अडू दे की."

"एक बार म्हणजे चार बोटं. वरची चार बोटं कुंभारमाशीचं घर असेल, नाहीतर गंज. पण खाली बार आहे. बंदूक भरलेली आहे."

पन्नास वर्षं. विठूच्या भिंतीवर, ठाण्याच्या कोठडीत, गाडीच्या फळीवर, आणि आता माझ्या गॅसपासून सहा फुटांवर. मी तोंडाला येईल ते बोलले. ह्यांनी ऐकून घेतलं असं मला वाटलं, पण हे ऐकतच नव्हते. नळीच्या तोंडाकडे बघत होते.

"त्याच संध्याकाळचा बार आहे गं तो," हे म्हणाले. "दारू घातली होती की नव्हती, ते आत आहे."

आठवण पुसली जाते, माणसं मरतात, पण नळीच्या तळाशी जे असेल ते असेल. लागलीच काढून बघावं ना? तर नाही. ह्यांनी नळीत पाणी ओतलं, दारू असलीच तर मरावी म्हणून, आणि बंदूक कोपऱ्यात उभी करून ठेवली. दोन दिवसांचं काम, पण नऊ दिवस झाले तरी भिजत घोंगडं तसंच. हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये. ताटावर बसायचे आणि अर्धी भाकरी टाकून उठायचे. एकदा भाजी आणायला पाठवलं तर बाजारातून रिकामी पिशवी घेऊन परत आले. मीही काही शहाणी नव्हते. दाणे भाजता भाजता करपवले. नसली दारू तर ह्या माणसाचं काय होईल, हाच विचार. आतापर्यंत निदान शंका तरी होती, तिच्या आधाराने दिवस काढत होते. ती गेली तर उरलं काय?

दहाव्या दिवशी मीच म्हटलं, "अहो, आज काढा. नाहीतर मी ती खाडीत नेऊन टाकते."

दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही गॅलरीत वर्तमानपत्रं पसरून बसलो. मी दस्ता घट्ट धरला. ह्यांनी लोखंडी गजाच्या टोकाला स्वतः पेच बसवून घेतला होता, तो नळीत घालून हळूहळू फिरवायला लागले. आधी गंजाचा चुरा आला. मग कागदाचा चिंब बोळा आला, अजून लालसर. मागोमाग छरे घरंगळले. मग तसाच आणखी एक बोळा. आणि मग गजाला लागून काळीभोर राड आली. दिवाळीत फटाक्यांच्या कचऱ्याला येतो तसला वास गॅलरीभर झाला.

ह्यांनी ती राड बोटांवर घेतली, हुंगली, अंगठ्याने चोळली.

"दारू आहे," हे म्हणाले. "सुलू, दारू होती." आणि त्रेसष्ट वर्षांचा हा माणूस काळ्या हातांनी तोंड झाकून रडला. मलाही रडू आलं. वाटलं, संपलं एकदाचं, देव पावला.

पण फिटर तो फिटर. डोळे पुसून ह्यांनी काठी घालून बघितली. अजून चार बोटं वर अडत होती.

पुन्हा गज घातला. ह्या वेळी काथ्या आला. घट्ट पिळलेला, सुबक बोळा. त्याच्याखाली छरे, पुन्हा काथ्या, आणि पुन्हा काळी राड. मग काठी तळाला टेकली, टण् वाजली.

"हा माझा बार," ह्यांनी काथ्याचा बोळा तळहातावर घेतला. "मी असाच पिळायचो."

"आणि वरचा?"

ह्यांनी तो लाल कागद उलगडला. बिडीच्या कट्ट्यावरचं वेष्टन. घरात बिडी एकच माणूस ओढायचा.

मला उलगडायला वेळ लागला नाही. पोराने बंदूक नीट भरून ठेवली होती. बापाने ती उचलली, पोराला विचारलं नाही, आणि खिशातला कागद फाडून त्याच बारावर दुसरा बार ठासला.

"दोन बार एकदम उडाले असते तर नळी फुटली असती," हे म्हणाले. "आबांच्या तोंडावर." मग ह्यांनी केपेखालचं, ठिणगी आत नेणारं बारीक भोक उजेडाकडे धरलं. किटाने पार बुजलेलं. ते सुईने साफ करायचं काम मामंजींचं, पोराच्या हाती सुई द्यायचे नाहीत. म्हणजे स्वतःच्या चुकीवर स्वतःच्याच आळसाची चूक बसली आणि मामंजी वाचले. आणि फाशी कोणाला, तर ह्या पोराला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते ह्याहून वेगळं काय असतं?

मी तो कागद घेऊन हॉलकडे निघालेच होते. ह्यांनी मनगट धरलं.

"थांब. त्यांना ठाऊक नसणार. नीट विचार कर, पन्नास वर्षं पोराला उगाच दोष दिला, हे ह्या वयात कळलं तर किती लागेल त्यांना. मी हळू सांगतो. आधी बंदूक उडू दे."

मी स्वयंपाकघरात गेले. माझा राग पातेल्यांनी सोसला.

घोडबंदरच्या अंगाला एक बंद खाण आहे, तिथे नेमबाजीच्या क्लबवाल्यांची परवान्याची जागा आहे. तिथला पराग ह्यांच्या ओळखीचा. रविवारी सकाळी आम्ही मामंजींनाही रिक्षात घालून नेलं. कशाला नेताय, असं त्यांनी तीनदा विचारलं, आणि रस्ताभर काठीची मूठ चोळत बसले. मला वाटलं, हवा लागली नाही महिनाभर, म्हणून अस्वस्थ असतील.

परागने कागद तपासले, नळीत विजेरी मारली आणि म्हणाला, "काका, जुनी नळी आहे. पहिला बार हातात धरून नाही उडवायचा." बंदूक टायरांच्या ढिगावर दोरांनी जखडली. ह्यांनी दारू मोजून ओतली, काथ्या ठासला, छरे, पुन्हा काथ्या. मामंजी खुर्चीवरून एकटक बघत होते. आम्ही सगळे भिंतीमागे झालो आणि ह्यांनी लांबून सुतळी ओढली.

आवाज असा झाला, की खाणीच्या कपारीतली सगळी कबुतरं एकदम उठली. पांढरा धूर तोंडावर आला. परागने नळी बोटांनी चाचपली आणि मान डोलावली. दुसरा बार ह्यांनी खांद्याला लावून उडवला. पन्नास पावलांवरचा पत्र्याचा डबा उडून पडला. मी ह्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं आधी पाहिलं नव्हतं, आणि मला ह्यांचा फार अभिमान वाटला.

मग हे मामंजींसमोर उकिडवे बसले. खिशातून वाळवून ठेवलेला लाल कागद काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. मामंजींना ओरडून सांगावं लागतं, त्यामुळे हळू सांगायचं ते सगळं ह्यांना ओरडूनच सांगावं लागलं.

"आबा, मी भरली होती बंदूक. त्यावर तुम्ही पुन्हा भरली. चुकून झालं असेल. मनाला लावून घेऊ नका."

मामंजींनी कागद उलटसुलट केला.

"ठावं हाय मला," ते म्हणाले.

"आता कळलं ना?"

"आता न्हाय. त्याच राती. पाय बांधून पडलो व्हतो, तवा ध्यानात आलं. तुला इचारायचं ऱ्हायलं."

पराग उगाचच दोर गुंडाळायला लागला. मीच पुढे झाले. "मग मामंजी, तुम्ही बोलला का नाहीत?"

"नाव व्हतं माझं," मामंजी माझ्याकडे न बघता म्हणाले. "चार गावची पोरं बंदूक भराया शिकली माझ्याकडं. म्हैपत बारावर बार ठासतो, आसं कळलं आसतं तर लोकानी दात काढलं आसतं. तोंड दावाया जागा न्हवती. पोराचं काय, पोराचं लोक इसरतात."

"लोक विसरले, आबा," हे म्हणाले. ह्यांचा आवाज आता चढलेला नव्हता, तरी मामंजींना तो ऐकू गेला असावा. "दुसऱ्या शिमग्यापर्यंत सगळे विसरले. मी बारा वर्षांचा होतो."

"म्हनून तर," मामंजी म्हणाले, आणि उठायला हात पुढे केला.

ह्यांनी तो धरायला बराच वेळ लावला.