टाळांची थरथर

सारजाबाईंची तक्रार एवढीच, की चार वर्षांत मोजून तीनदा गावी आलेल्या नातीनं आल्या आल्या आजोबांची टाळजोडी खुंटीवरून काढून ओसरीत बसू नये. भजन नाही, अभंग नाही. कडेला कड लावायची आणि आवाज विरेपर्यंत कान देऊन बसायचं. पुढ्यातल्या चहावर साय धरली तरी तेजस्विनीला पत्ता नाही.

हौशीराम, बाईंचा मालक, असाच बसायचा. खोडदच्या भजनी मंडळाच्या जोड्या तोच जुळवायचा. दोन टाळांत फरक असला की आवाजात थरथर उठते. ती बोटांवर मोजायचा, कानशीनं कड घासायचा आणि थरथर संथ झाली की गालात हसायचा. नातीला शेजारी बसवून तेच शिकवलं त्यानं.

आता ती पुण्यात लेसरवर तेच करत होती म्हणे. उजेडाची कंपनं इतकी जलद, की थेट मोजवत नाहीत. म्हणून आकडा ठाऊक असलेला दुसरा उजेड त्यात मिसळायचा आणि दोघांतली थरथर मोजायची. तिचा आकडा परदेशातल्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी शेवटच्या दोन घरांत जुळेना. दहा वेळा मोजला, तोच आला. सर म्हणाले, तुझंच चुकलंय, त्यांचा धर. नाहीतर पीएच.डी.च्या प्रबंधावर सही मिळणार नव्हती. चार वर्षं पाण्यात. सोमवारी कळवायचं होतं.

बाईंना चौऱ्याण्णवचा सप्ताह आठवला. भगवंत पाटलानं नाशिकहून भारी टाळ आणलेले. गाव वाहवा करत होतं आणि हौशीराम म्हणाला, जोडी बसत नाही. सगळे हसले. तो उठला आणि सातही दिवस पार मागं, चपलांपाशी बसला. बाईंनी लाजेनं आठ दिवस अबोला धरला. तेव्हाचा त्याचा पडलेला चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नव्हता.

त्यांनी गार चहा अंगणात ओतला आणि नातीसमोर बसल्या.

"हे बघ तेजे. पाटलाच्या त्या टाळांची थरथर मला बी ऐकू आली व्हती. पाटलीणबाईशेजारी बसायचा मान मिळाला व्हता, म्हणून गप ऱ्हायले. एका शब्दानं बोलले असते तर तुझा आजा एकटा पडला नसता. तुझं सर लई मोठं आसतील, आसू देत. दहा डाव मोजून जे आलं तेच लिही. चुकलं तर आपलं चुकंल. उसन्या आकड्यावर मोठी हू नगंस."