नीलकंठाचा कबुलीजबाब

कार्तिकातली सकाळ. धुक्याची ओली दुलई अंगावरून सारीत गराडटोल्याचा तलाव जागा होत होता. शिंगाड्याच्या वेलींनी सारं पाणी झाकलेलं. पानापानावर दव, दवाच्या थेंबाथेंबात एकेक कोवळा सूर्य. वर बगळ्यांची शुभ्र माळ, वाऱ्याची मंद लहर. आणि खाली, त्या पाचूवर्णी गालिच्याच्या तळाशी, वर्षानुवर्षं कुजत आलेला काळा, चिकट, फसफसता चिखल.

त्या चिखलात पोटरीभर रुतून, छातीभर पाण्यात, नीलकंठ नान्हे शिंगाडे तोडत असे. जातीचा ढिवर, तलावांवर जगणारा मासेमार. वय बत्तीस. बोलणं थोडं, हात चपळ. शिंगाड्याच्या फळाला काटे असतात. त्या काट्यांनी त्याच्या हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, लाल ओरखड्यांचं जाळं कायमचं विणलेलं. घरी माय पार्बता आणि एकोणीस वर्षांची धाकटी बहीण देवांगना. बाप गेल्यापासून तिला त्यानंच वाढवलं होतं, खांद्यावर बसवून, तलावाच्या काठाकाठानं.

तिच्यासाठी त्यानं एक स्थळ आणलं. चाळिशीचा बिजवर, पण घरी ओलिताची दोन एकर. देवांगनानं भर चावडीसमोर नकार दिला. "तुले एवढा पसंत असन, तर तूच कर त्याच्यासंग लगन!"

लोक हसले. नीलकंठाचा हात उठला. एकच थापड, आयुष्यातली पहिली. तिच्या गालावर पाच बोटं उमटली, आणि त्याच्या तळहाताला जी आग लागली ती काही केल्या विझेना.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत देवांगना घरातून निघून गेली. मावशीकडे नव्हती, मामाकडे नव्हती. खिशाखिशात फोन येण्याआधीचा तो काळ. गेलेलं माणूस परत येईपर्यंत गेलेलंच असे.

अकराव्या दिवशी तलावाच्या सांडव्याशी, बेशरमाच्या रानटी झुडपात, एका तरुण बाईचा देह अडकलेला सापडला. चेहरा पाण्यानं नेला होता, नाकडोळे माशांनी. पार्बताबाईला बोलावणं आलं. ती नाकाला पदर न लावता वाकली, नीट पाहिलं, आणि सरळ झाली.

"हे माही पोर नोहे जी. माह्या पोरीच्या मनगटावर तुळशीचं गोंदण आहे. हिच्या हातावर कोठं आहे?"

"अकरा दिवस पाण्यात राहून गोंदण टिकते का, बाई?" ठाणेदार बोंदरे म्हणाला, आणि त्यानं रुमालात नाक शिंकरलं.

गोंदण टिकतं. चितेपर्यंत टिकतं. गावातल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक होतं. पण वर्तमानपत्रात मथळा आला होता, वरून विचारणा झाली होती, आणि बोंदऱ्याला आठवड्याच्या आत एक खुनी हवा होता. गावानं थापड पाहिली होती. आणि थापड मारणाऱ्याच्या हातांवर ओरखडे होते.

"हे पोरीच्या नखांचे," बोंदरे म्हणाला.

"शिंगाड्याचे आहेत जी."

"आता शिंगाड्याले नखं आली का बे?"

शिपाई हसले. पानानं रंगलेले, किडलेले, आज्ञाधारक दात.

ठाण्याच्या मागे एक खोली होती. तिच्या भिंतींना घामाची ओल होती, मुताची ओल होती, कित्येक माणसांच्या भयाची ओल होती. छतापाशी हातभर खिडकी. तिच्यातून येणारं ऊन फरशीवर पडे आणि तिथंच आंबे. त्या आंबलेल्या उजेडात नीलकंठ पाच दिवस होता.

तळपायांवर रबरी पट्टा. डोळा मिटला की तोंडावर बादलीतलं पाणी. आळीपाळीनं दोन शिपाई, जांभया देत, रतीब घातल्यासारखे. आणि समोर खुर्चीत बोंदरे, उकडलेले शिंगाडे खात. नीलकंठाच्याच टोपलीतले, जप्त केलेले शिंगाडे. काळं साल दातांनी फोडायचं, थुंकायचं, पांढरा गर जिभेवर फिरवायचा. सालपटं नीलकंठाच्या मांडीवर पडत, चिकटत, वाळत. बोंदरे ओरडत नसे. त्याचा आवाज मऊ होता, साखरेच्या पाकासारखा मऊ. आणि पाकाला लागतात तशा त्या आवाजाला माशा लागत आहेत, असा भास होई.

"माय बसली आहे बाहेर," तो म्हणे. "काल सकाळपासून ओट्यावर. पाणी प्याली नाई म्हणते. तू बोल, मी तिले घरी पोचवतो. मग तू झोप. कोणी उठवणार नाई तुले."

झोप. तो शब्द नीलकंठाच्या कानात शिरला आणि मेंदूत पसरला, पाण्यात दूध पसरावं तसा. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या फाटलेल्या ओठांतून दोन शब्द गळाले.

"मी मारलो."

"कसा मारला?"

नीलकंठानं डोळे फिरवले. उत्तर भिंतीवर नव्हतं, छतावर नव्हतं. "दोरीनं."

बोंदऱ्यानं मान हलवली, जसा मास्तर चुकलेल्या गणितावर हलवतो. "डॉक्टरच्या कागदात दोरी नाई. आठव."

"पाण्यात ढकललो?"

"छातीत पाणी नाई भेटलं. आठव, नीलकंठ. आठव."

"...हातानं?"

"शाब्बास!"

आणि बोंदऱ्यानं एक शिंगाडा सोलला, आपल्या ओल्या, काळ्या बोटांनी त्याचा गर काढला आणि नीलकंठाच्या तोंडात भरवला. तीन दिवसांतला पहिला घास. नीलकंठानं तो चावला. गोड लागला. त्या खोलीत रक्त होतं, ओकारी होती, घाण होती; पण सर्वांत किळसवाणं होतं ते हेच, की तो घास गोड लागला.

मग कबुलीजबाब रचला गेला. प्रश्नात उत्तर दडवून विचारायचं, उत्तर बरोबर आलं की पाणी द्यायचं. उजव्या हातानं की दोन्ही? दोन्ही, जी. बांधावर की झुडपात? झुडपात, जी. पोर ओरडली का? ओरडली. "नाई ओरडली, कोणी आयकलं नाई ना." नाई ओरडली, जी. शाळेत चौथीतच पाटी सोडलेल्या नीलकंठाकडून ठाणेदारानं पाठ घोटून घेतला. पाचव्या दिवशी तो न अडखळता म्हणू लागला, बहिणीचा मृत्यू, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कवितेसारखा.

खून कसा केला ते करून दाखवायला त्याला तलावावर नेलं. देवांगनाच्याच लुगड्यात तणस, धानाचा वाळला पेंढा, कोंबून एक बाहुली केली होती. सगळं गाव बांधावर उभं होतं, आणि गावाच्या डोळ्यांदेखत त्यानं तणसाचा गळा दाबला. "अंगठे वर," बोंदरे हळूच म्हणाला. नीलकंठानं अंगठे वर सरकवले. कचकच आवाज झाला. बांधावरून एक थुंकी आली, मग दुसरी. लहानपणी ज्यांच्याबरोबर त्यानं मासे धरले, त्या तोंडांच्या त्या थुंक्या. त्यानं त्या पुसल्या नाहीत.

दंडाधिकाऱ्यांनी खोलीतून पोलिसांना बाहेर घालवलं आणि विचारलं, "कुणाची जबरदस्ती आहे का?" दाराच्या फटीखाली बोंदऱ्याच्या बुटांची दोन टोकं चमकत होती. इथं काही वेगळं बोललास तर परत माझ्याकडेच यायचं आहे, एवढंच त्यानं वाटेत सांगितलं होतं.

"नाई जी," नीलकंठ म्हणाला.

नीलकंठ कोठडीत असतानाच गावात पार्बताबाईनं त्या अनोळखी पोरीच्या सुजल्या कपाळाला हळद लावली. "माही नोहे," ती चितेपाशीही म्हणाली. "पण कोणाची तरी आहे." शेवटी एका चुलत पुतण्यानं अग्नी दिला. देवांगना नान्हे नावाची राख नदीला गेली.

आणि तुरुंगात नीलकंठ झोपला. चार रात्री, चार दिवस. जाग आली तेव्हा त्या घोटलेल्या पाठाला रंग आले होते. आधी शब्द होते; आता झुडपं दिसू लागली, लुगड्याचा काठ दिसू लागला, अंगठ्यांखालची मऊ, ऊबदार, धडपडती कातडी जाणवू लागली. मी नाही मारलं, असं तो स्वतःला सांगे. मग हे दिसतं कसं? न केलेलं इतकं स्पष्ट दिसतं का? थापड तर खरी होती; एक खरं, तर दुसरंही खरं असेल. आपल्याच तळहातांची त्याला शिसारी येऊ लागली. तो ते विटेवर घासे. जेवताना ते ताटाला लागू नयेत म्हणून वाकून, जनावरासारखा, तोंडानं खाई.

चैत्र आला. पळसाच्या झाडांना आग लागून विझून गेली होती, मोहाच्या फुलांचा गोड, मादक दर्प रानभर दरवळत होता. आणि एके दुपारी, डोक्यावर लाल मिरच्यांचं पोतं घेऊन, देवांगना गावात शिरली.

ती बायकांच्या टोळीबरोबर तेलंगणात गेली होती, आधी कापूस वेचायला, मग मिरची तोडायला. रुसून गेली होती, कमावून आली होती. विहिरीवरच्या बाईनं तिला पाहिलं आणि घागर सोडून पळाली. कोणी दार लावलं, कोणी मीठ उधळलं. एकटी पार्बताबाई पुढे आली, तिनं पोरीचं मनगट उलटं केलं, तुळशीच्या गोंदणावरून अंगठा फिरवला, आणि तिथंच धुळीत बसली.

दुसऱ्या सकाळी दोघी ठाण्यात. बोंदरे चहा पीत होता. त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं.

"तूच देवांगना नान्हे, याले पुरावा काय?"

"मी उभी आहे ना जी तुमच्यासमोर!"

"उभी तर कोणीही राहते, बाई. कागद आण. शाळेचा दाखला आण."

देवांगना पुढे झाली. मिरचीनं सालपटलेले दोन्ही तळहात तिनं टेबलावर टेकले. "माह्या भावानं मले मारलं म्हणता. मग तुम्ही जाळली ते कोण होती, ठाणेदारसाहेब? कोणाची होती ते?"

बोंदऱ्यानं कपाकडे पाहिलं. सायीत एक माशी अडकली होती. त्यानं ती बोटानं काढली, बोट टेबलाखाली पुसलं, आणि उरलेला चहा प्याला.

जिवंत बाई जिवंत ठरायला तीन आठवडे लागले. शाळेचा दाखला, सरपंचाचं पत्र, डॉक्टरचा कागद, शिक्क्यावर शिक्का. मग न्यायालयानं नीलकंठाला सोडलं. सुटकेच्या दिवशी बोंदऱ्याचा शिपाई तुरुंगाच्या फाटकापाशी थांबला होता. माझी पोलिसांविरुद्ध काही तक्रार नाही, असा एक टाईप केलेला कागद त्यानं पुढे केला. "साहेबांनी सांगितलं, मनात काही ठेवू नको. इथं सही कर."

नीलकंठानं पेन घेतलं, सही केली, आणि मग नम्रपणे विचारलं, "हेबी मीच केलो का जी?"

शिपायानं कागदाची घडी घातली आणि तो निघून गेला.

देवांगना फाटकाबाहेर उभी होती. नीलकंठ तिच्या पायांकडे पाहत आला, पायांकडे पाहत बसमध्ये बसला, पायांकडे पाहत घरी पोचला. मायनं भात वाढला. त्यानं हात पाठीमागे बांधले आणि ताटावर वाकला. ते पाहून पार्बताबाईनं पदर तोंडात कोंबला आणि ती आत गेली.

"दादा," देवांगना म्हणाली. "माह्याकडे पाह्य ना."

"नाई पाहू शकत."

"काहून? मी काही सांगून गेली नाई म्हणून रागावला का?"

"मी तुले मारलो, देवांगना." त्याचा आवाज सपाट होता, पाठ केलेला. "झुडपात. दोन्ही हातांनी. तू ओरडली नाई. मले दिसते. आताबी दिसते."

अंगणात वैशाखाचं ऊन पांढऱ्या धगीनं उभं होतं. कुठं पान हलत नव्हतं. देवांगना उठली, त्याच्यासमोर उकिडवी बसली, त्याच्या पाठीमागे हात घालून तिनं ते दोन्ही हात ओढून पुढे घेतले. तो कासावीस झाला. तिनं सोडले नाहीत. तिनं ते आपल्या गळ्याभोवती ठेवले आणि वरून आपल्या तळव्यांनी दाबून धरले.

"आता सांग," ती म्हणाली. "कोणाचा आहे हा गळा?"

बोटांखाली काहीतरी उडत होतं. बारीक, अखंड, हट्टी. तिनं आवंढा गिळला. तो त्याच्या अंगठ्याखालून सरकला. त्यानं पहिल्यांदा मान वर केली. तिचे डोळे उघडे होते, ओले होते, रागावलेले होते. तणसाला असले डोळे नव्हते.

मग हात सोडवून तो अंगणाच्या कडेला धावला, गुडघ्यांवर पडला आणि ओकू लागला. भात आला, पाणी आलं, हिरवं कडू पित्त आलं. बोंदऱ्याचा मऊ आवाज आला, शाब्बास आलं, आठव आलं, बूट आले, थुंक्या आल्या. सारं त्या धगधगत्या मातीवर पडत गेलं, आणि तरी तळाशी आणखी उरलंच होतं, अजून कितीतरी उरलं होतं.

देवांगना मागून आली. एका हातानं तिनं त्याचं कपाळ धरलं, दुसरा पाठीवर फिरवत राहिली. तो तळहात खरखरीत होता, सालपटलेला होता, उष्ण होता. तो ओकत राहिला, ती धरून राहिली. ऊन तापत राहिलं, आणि त्या पांढऱ्या, निर्दय, निर्मळ उन्हात दोघांची एकच सावली मातीवर हलत राहिली.