पाच पायऱ्यांचा कठडा

मी एक जुना वाइस आहे, आणि खरं सांगायचं तर सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांनी मला कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कामाच्या टेबलाच्या कडेला बोल्ट मारून बसवलेले दोन लोखंडी जबडे म्हणजे मी. दांडा फिरवला की जबडे जवळ येतात आणि मध्ये ठेवलेली वस्तू धरून ठेवतात. मग माणसाने ती कापावी, कानशीने घासावी, नाहीतर ठोकून सरळ करावी. धरून ठेवणं एवढंच माझं काम. बोलणं त्यात येत नाही, आणि माझ्या त्रासाचं मूळ नेमकं तिथेच आहे.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतलं, ते थंड झालं, आणि अंगाची वाळू झटकून मला बाहेर काढलं. बीड म्हणजे लोखंडच, पण त्याचा स्वभाव निराळा. ते दाबाखाली वर्षानुवर्षं मुकाट उभं राहतं, पण वाकत नाही. ताण अति झाला की सरळ तुटतं. आमच्या घराण्याचा हा दोष म्हणा की गुण, मला तो लपवायचा नाही.

पहिली बावीस वर्षं मी बस डेपोच्या कारखान्यात काढली. तिथला एक फिटर माझ्यावर काम करायचा. उंच, बोलायला तिखट, पण हाताने फार हळुवार. पितळेचा भाग धरायचा असेल तर तो आधी माझ्या जबड्यांवर तांब्याचे पातळ पत्रे ठेवायचा, म्हणजे पितळेला ओरखडा येऊ नये. दांडा आवळताना त्याने कधी खांद्याचं बळ लावलं नाही. नवीन आलेल्या माणसाला तो एकच गोष्ट सांगायचा, "दांडा फक्त हाताने फिरवायचा. हात पुरत नसेल, तर तू वस्तू चुकीची धरली आहेस." डेपोत नवी यंत्रं आली आणि मला भंगारात टाकायचं ठरलं, तेव्हा तो साहेबांना सांगून मला हातगाडीवर घालून घरी घेऊन आला. त्याच्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने मला बसवलं. निवृत्तीनंतरही त्याचं काम सुटलं नाही. गल्लीतले पंप, कुलुपं, शिवणयंत्रं, सायकली, सगळं माझ्या जबड्यांतून गेलं. "तुमच्या हाताला गुण आहे हो," असं लोक त्याला म्हणायचे आणि मी मनातल्या मनात म्हणायचो, अहो, निम्मा गुण माझा आहे.

मग तो न्हाणीघरात घसरला. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया चांगली झाली. डॉक्टर म्हणाले, चाला, जितकं चालाल तितकं बरं. पण आमचं गॅरेज स्वयंपाकघराच्या खाली आहे आणि मध्ये पाच उभ्या पायऱ्या आहेत, धरायला काही नाही. घरी आल्यावर एकदा तो उतरायला निघाला. तिसऱ्या पायरीवर त्याचे पाय लटपटू लागले. आधारासाठी त्याने भिंतीवरची फळी धरली, फळी निसटली, रंगाचे डबे गडगडत खाली आले. त्याला काही लागलं नाही, पण तो वळला आणि वर गेला, तो पुन्हा आलाच नाही. आठ महिने. त्याची खोली गॅरेजला लागूनच आहे, मध्ये एक भिंत. त्याच्या खुर्चीची करकर मला ऐकू यायची. उठल्याची कमी आणि बसल्या जागी हलल्याची जास्त.

आता त्याच्या मुलाबद्दल सांगतो. मुलगा चष्मेवाला. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. म्हणे तिथे तो केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरून एका दमात बसवतो. मित्रांनो, माझा यावर अजिबात विश्वास बसत नाही. कारण गॅरेजमध्ये उतरला की या माणसाच्या अंगात कोण संचारतं कोण जाणे. फोनवर कुणाचे तरी व्हिडिओ बघायचे आणि पान्याला हात घालायचा. त्याने धुलाईयंत्र उघडलं, ते उघडंच राहिलं. सायकल उलटी केली, ती तशीच चाकं वर करून पडली. एक खुर्ची सुरू केली, ती तीन पायांवर थांबली. माझ्या डोक्यावर खिळे ठोकून सरळ केले, जसा मी वाइस नाही, ऐरणच आहे. माझ्या स्क्रूच्या आट्यांना तेलाचा थेंब मिळाला नाही. गंज चढला.

पण त्याला सगळा दोष देणं बरोबर नाही. लहानपणापासून तो टेबलाजवळ आला की फिटर म्हणायचा, "बाजूला सर, तुझं काम नाही." कानस त्याच्या हातात कधी दिलीच नाही. मी साक्षीदार आहे.

आणि एका रविवारी तोच मुलगा खाली आला, पायऱ्यांकडे बघत उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, "इथे कठडा हवा. आप्पांना धरायला काहीतरी असलं तर ते उतरतील."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! बायको शिवणकाम करते, गळ्यात कायम मापाची फीत. ती म्हणाली, "अहो, पण मग आप्पांनाच विचारा ना, कसा करायचा ते."

"विचारलं की संपलं. म्हणतील, बाजूला सर, तुझं काम नाही. करून दाखवतो आधी."

मदतीला शेजारचे बेकरीवाले आले. त्यांची भट्टी पहाटे पेटते, त्यामुळे दुपार मोकळी असते, आणि ती मोकळी दुपार ते आमच्या गॅरेजमध्ये घालवतात. त्यांच्याही गॅरेजमध्ये अर्धवट कामांचा ढीग आहे. कुठलीही अडचण आली की ते म्हणतात, "होऊन जाईल!" मी त्यांचं नावच होऊनजाईल ठेवलं आहे.

पहिल्या रविवारी दोघांनी माप घेतलं. पायऱ्यांच्या उतारावरून घ्यायचं सोडून खालच्या जमिनीवरून घेतलं! मी पाहत होतो. ओरडावंसं वाटत होतं. लोखंडी पाइप माझ्या जबड्यात धरला, कापला, पायऱ्यांपाशी नेला, तर वीतभर आखूड.

"होऊन जाईल," बेकरीवाले म्हणाले. "जोड देऊ."

"मी बाही एवढी आखूड शिवली तर गिऱ्हाईक जोड देऊ देईल का?" असं म्हणून बायको वर निघून गेली.

जोड दिला. बेकरीवाल्यांनी कुठून तरी वेल्डिंगचं यंत्र आणलं. ठिणग्या खूप उडाल्या, टाका मात्र वरवर बसला. दुसऱ्या रविवारी कठडा तात्पुरता अडकवला आणि बायकोने सहज त्यावर भार दिला. जोड काडकन सुटला. ती पायरीवर बसकणच मारून बसली. तिघांच्याही मनात एकच विचार आला असणार, हिच्या जागी आप्पा असते तर?

मुलाने तो पाइप कोपऱ्यात फेकला आणि नवा आणला. या वेळी ठरलं, जोड नकोच, अख्खा पाइप आणि वर-खाली दोन्ही टोकांना वाकवून भिंतीकडे वळवायचा. इथून माझे खरे हाल सुरू झाले. रिकामा पाइप नुसता ताकदीने वाकवायला गेलं की तो वाकत नाही, चेपतो. एक टोक चेपलं. तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून काठीचा आवाज आला. ठक. ठक ठक.

"आप्पांना आवाजाचा त्रास होतोय," मुलगा म्हणाला. "लवकर आटपू या."

अरे, तो आवाजाचा त्रास नव्हता! बावीस वर्षं डेपोत आणि त्यानंतर इथे मी त्या माणसाचे हात ओळखतो. तो काठीने एकच सांगत होता, थांबा, चुकताय. पण सांगणार कोण? मी? मुलाने पायऱ्यांवरचं दार लोटलं आणि ते दोघं आणखी घाईने कामाला लागले. काठी वाजतच राहिली. दुसऱ्या दिवशीही वाजली, कारण मुलगा दुकान लवकर बंद करून पुन्हा पाइपशी झटत होता. इतकं चुकीचं काम, इतक्या जवळून आणि इतकं हतबल होऊन मी कधी पाहिलं नव्हतं.

पाइप माझ्या जबड्यातून सटकायला लागला. "घट्ट धरत नाही हा, म्हातारा झाला," मुलगा म्हणाला. माझ्याबद्दल! मग त्याने माझ्या दांड्यावर हातभर लांबीची नळी चढवली, म्हणजे जोर दुप्पट-तिप्पट व्हावा. होऊनजाईल म्हणाले, "मीपण लटकतो." आणि दोन धडधाकट माणसं माझ्या दांड्याला लोंबकळली.

मी जेवढं सोसता येतं तेवढं सोसलं. मग माझ्या उजव्या जबड्याच्या मुळाशी तडा गेला.

तो आवाज मोठा नव्हता. कोरडा, आखूड होता. पण दोघंही दांडा सोडून मागे सरकले. भिंतीपलीकडची काठी थांबली. खुर्ची करकरली. थोड्या वेळाने पायऱ्यांवरचं दार उघडलं.

फिटर दारात उभा होता. त्याने काठी खाली टाकली, ती खडखडत जमिनीवर आली. मग तो पहिल्या पायरीवर बसला, आणि लहान मूल उतरतं तसा बसल्या बसल्या, एकेक पायरी, हाताने शरीर पुढे ढकलत खाली येऊ लागला. मुलगा धावला. "आप्पा, थांबा, मी धरतो!"

"हात लावू नकोस."

पाचव्या पायरीनंतर मात्र त्याने हात पुढे केला आणि मुलाने त्याला उठवून काठी दिली.

"नळी कुणी लावली दांड्याला?"

"मी," मुलगा म्हणाला.

"आम्ही," बेकरीवाले हळूच म्हणाले, आणि पीठ भिजवायचं राहिलंय असं काहीतरी पुटपुटत शटरखालून वाकून निघून गेले. दुपारचे चार वाजले होते.

फिटरने माझ्या तड्यावर अंगठा फिरवला. आठ महिन्यांनी तो हात मला लागला. मग तो मुलाकडे वळला. "दोन दिवस भिंत बडवतोय मी. ऐकू येत नव्हतं?"

"मला वाटलं, तुम्हाला आवाजाचा त्रास होतोय."

"आवाजाचा त्रास? मला? अरे, पाइप पोकळ वाजत होता! आत वाळू भरायची असते ठासून, म्हणजे चेपत नाही. आणि तापवायचा असतो. तेच सांगत होतो."

"मग हाक मारायची होती, आप्पा."

"तू विचारायचं होतंस."

मुलाचा चेहरा लाल झाला. "कधी विचारायचं? विचारलं तेव्हा कधी हातात कानस दिलीत तुम्ही?"

मला वाटलं, आता काठी उगारली जाणार. फिटरने माझ्या दांड्यावरची ती नळी काढली आणि टेबलावर ठेवली.

"नाही दिली," तो म्हणाला. मग, "स्टूल आण. आणि तुझ्या बायकोला बोलाव, माप ती घेईल."

पुढे दोन रविवार गेले. बायकोने पायऱ्यांच्या उतारावर दोरी ताणून माप घेतलं, तेही दोनदा. मुलाने पाइपमध्ये कोरडी वाळू ठासली, दोन्ही टोकांना लाकडी बुचं ठोकली, गॅसच्या ज्योतीवर पाइप लाल केला आणि उलट्या सायकलच्या टायर काढलेल्या चाकाभोवती हळूहळू वळवला. फिटर स्टुलावर बसून ओरडत होता. "घाई नको! अरे, ज्योत फिरव, एका जागी धरू नकोस!" दोनदा मुलगा चिडून वर निघून गेला आणि दोन्ही वेळा परत आला. कानस मात्र पूर्ण वेळ मुलाच्याच हातात होती. कठडा बसला. फिटरने आधी तो गदागदा हलवून पाहिला, मग धरला आणि चढून गेला. वर पोहोचल्यावर म्हणाला, "खालचा वळसा थोडा तिरका झालाय." एवढंच. मुलगा मात्र दिवसभर शीळ घालत होता.

आणि माझं काय झालं? माझा तडा पितळेने सांधून पाहिला. सांधा धरला नाही, उलट तडा बोटभर पुढे सरकला. टेबलावर आता एक नवा निळा वाइस बसला आहे, आणि वाऱ्याने बाजूचं दार आपटू नये म्हणून मला दाराशी ठेवलं आहे. होय मित्रांनो, दार अडवायला! येता-जाता सगळ्यांच्या पायाला मी लागतो आणि वर मलाच बोलणी बसतात. कठड्याचं कौतुक करायला अर्धी गल्ली येऊन गेली. माझ्या तुटण्याने तो माणूस खोलीबाहेर आला, हे एकालाही सुचलं नाही.

रोज सकाळी बापलेक खाली येतात आणि भांडतात. आता मुलगा विचारतो, बाप सांगतो, मग मुलगा म्हणतो, असं नाही, व्हिडिओत वेगळं दाखवलंय. मी दाराशी बसून दात-ओठ खातो. पण भांडण ऐकू येतं, हे करकरणाऱ्या खुर्चीपेक्षा बरं आहे, एवढं कबूल करतो.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. हत्यार हातात घ्याल तेव्हा ते कुरकुरतंय का, सटकतंय का, याकडे लक्ष द्या. ते तुमच्याशी वैर करत नसतं, तुमचं काहीतरी चुकतंय एवढंच सांगत असतं. जोर वाढवायच्या आधी दोन मिनिटं थांबा आणि घरात, शेजारी, जो जाणतो त्याला विचारा. आणि जे जाणतात त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, जबडे जोडून म्हणा हवं तर. कुणी जवळ येऊन उभं राहिलं तर त्याला "बाजूला सर" म्हणू नका. थोडं सरकून जागा करून द्या. माणसाचं मन आणि बीड, दोन्ही तडकल्यावर सांधायला फार कठीण असतात.